पाच पेले आणि एक सपाट नकाशा

मल्लेश खानापुरे कुणाच्या लग्नाला गेला की आधी नवरा-नवरी बघत नसे, मंगल कार्यालयाचे खांब बघत असे. खांब पसंत पडले तर पंगतीला बसायचा, नाहीतर दारातनंच आहेर देऊन परत. सिनेमाला कडेची खुर्ची, दवाखान्यात जिन्याजवळचं बाकडं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि लातुरातल्या घरात गाढ झोपला होता. त्या पहाटे घराच्या भिंतीला एक चीर पडली आणि मल्लेशला एक. भिंतीची पुढच्या महिन्यात सिमेंटनं बुजवली.

आता अशा माणसानं तळमजल्यावर निवांत कापडाचं दुकान टाकावं की नाही? पण बापाचा प्लॉट निघाला नेमका ट्यूशन एरियात. आणि तिथं तर काय, लातूर पॅटर्नच्या नावानं महाराष्ट्रातली पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागलेली. ज्याच्याकडं प्लॉट तो होस्टेलवाला, ज्याच्याकडं मोठा कुकर तो मेसवाला, आणि ज्याच्याकडं दोन्ही नाही तो सर. मल्लेशनं बायकोच्या नावानं 'सुकन्या लेडीज होस्टेल' बांधलं. खाली स्वतःचं घर, वर दोन मजले, पोरी बेचाळीस. इंजिनियर म्हणाला बारा कॉलम पुरेत, यानं वीस घातले. त्यातले दोन खोलीच्या बरोबर मधोमध आले. पोरी त्यांना टेकून बायोलॉजी पाठ करायच्या.

एवढं करूनही घरात खरा भरवसा होता तो गुरम्मावर. गुरम्मा म्हणजे मल्लेशची आई. भूकंपानंतर लातूर भागात पुष्कळ बायकांनी एक युक्ती काढली होती, ती म्हातारीनं अजून सोडली नव्हती. उशाशी पितळेची परात पालथी, आणि तिच्यावर स्टीलचे पाच पेले एकावर एक. जमीन हलली की पेले पडणार, पेले पडले की सगळ्यांनी बाहेर पळायचं. आधी पळायचं, मग विचारायचं. पंचवीस-सव्वीस वर्षांत पेले सतरा वेळा पडले होते. नऊ वेळा मांजर, पाच वेळा ट्रक, दोनदा गणपतीचा डीजे, आणि एकदा जावयाचं घोरणं. सतराही वेळा सगळं घर रस्त्यावर. नवीन पोरगी होस्टेलात आली की गुरम्मा तिला आधी हेच सांगायची, "हे बघ बाय, मेस नऊला बंद होतीया अन् पेले पडले की पळायचं." पोरी हसायच्या. आणि पहिल्यांदा पेले पडले की सगळ्यांच्या पुढं पळायच्या.

तर अशा ह्या मल्लेशला एप्रिलमध्ये नोटीस आली.

कुठल्या तरी दुसऱ्या शहरात क्लासला आग लागली होती, म्हणून इकडं सगळी ऑफिसं जागी झालेली. नोटिशीत लिहिलं होतं: प्रत्येक मजल्यावर आणीबाणीत बाहेर पडण्याचा नकाशा लावावा. नकाशा साधा, सपाट व लहान मुलासही समजेल असा असावा. आठ दिवसांत तपासणी होईल. त्रुटी आढळल्यास इमारत सील करण्यात येईल.

मल्लेशनं 'सील' हा शब्द चार वेळा वाचला. नीट परीक्षेला राहिले होते सतरा दिवस. आत्ता सील लागलं तर बेचाळीस पोरी ट्रंका घेऊन भर उन्हात रस्त्यावर. ट्यूशन एरियात ऐन सीझनला एक रिकामी कॉट मिळायची नाही, बेचाळीस कुठल्या? हदगावची रुखसार तर दुसऱ्यांदा परीक्षा देत होती. तिच्या अब्बांनी गेल्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं, "मल्लेशभाऊ, पोरगी तुमच्या हवाली हाय."

मल्लेशच्या पोटात तेव्हाच पेले पडले.

"कागदच लावायचाय ना भिंतीला?" सुकन्या म्हणाली. "कॅलेंडर लावता तसा लावा."

"आगं, नकाशा हाय तो."

"मग फैजानला सांगा. एवढं कंप्युटरवर घर काढून दिलतं की त्यानं."

फैजान हा नांदेडचा आर्किटेक्ट. गुणी पोरगा, पण त्याला इमारतीबद्दल विचारलं की तो नकाशा दाखवत नाही, पिक्चर दाखवतो. मल्लेश एसटीनं नांदेडला गेला, तर फैजाननं खुर्ची दिली, चहा सांगितला आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर 'सुकन्या लेडीज होस्टेल' गरागरा फिरायला लागलं. दारात कारंजं. दोन्ही बाजूंना ताडाची झाडं. फाटकाशी लाल मोटार. आणि फाटकातून एक पिवळ्या केसांची बाई कुत्रं घेऊन आत चाललेली. चार वर्षांपूर्वी मल्लेशनं हे पहिल्यांदा बघितलं तेव्हाही ती तिथंच होती. अजून आत पोचली नव्हती.

"कैसा है अप्पा? अंदर भी घूम सकते. चला, जिन्यानं वर जाऊ."

"फैजानभाऊ, मला वर जायचं न्हाई. मला बाहेर पडायचंय. पापडासारखा सपाट कागद पायजे."

फैजानचं तोंड उतरलं. "अप्पा, इतकी उभी बिल्डिंग. तिला आडवी झोपवायची म्हणता?"

"झोपवू नको!" मल्लेश खुर्चीतनं उठलाच. "लातूरच्या माणसापुढं बिल्डिंग झोपवायची भाषा करू नको बाबा."

मग फैजाननं समजावून सांगितलं. मॉडेल असं सुरीनं कमरेएवढ्या उंचीवर कापायचं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि वरून आत बघायचं. कलिंगडासारखं. हे ऐकताना मल्लेशला घाम फुटला. त्याच्या वीस कॉलमांवरनं सुरी फिरली आणि स्लॅब बाजूला उचलून ठेवला गेला, तेवढा वेळ त्यानं डोळे मिटून घेतले.

कापलेल्या कलिंगडाचा पहिला कागद घेऊन तो लातूरला आला आणि पहिल्या मजल्यावर चिकटवला. पोरी जमल्या. कागदात सगळंच होतं. नळ, वायरी, फरशीचा तुकडा न् तुकडा, कॉट, कॉटवरच्या उशा, ड्रेनेजचे पाइप, आणि कडेला पिवळ्या केसांची बाई, वरून बघितल्यामुळं नुसता एक पिवळा ठिपका. एक पोरगी दहा मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "काका, ही मूत्रपिंडाची आकृती हाय का?"

दुसरी म्हणाली, "येडी का? ही पचनसंस्था हाय. हे बघ, बाहेर पडायची वाट खालून."

तिथनं पुढं दोन दिवस फोनवर नुसती काढाकाढी. "फैजानभाऊ, वायरी काढ." काढल्या. "फरशी काढ." काढली. सुकन्या मागनं ओरडली, "आवं, आपली न्हाणी कामून दाखवायलाव जगाला? ती काढा आधी." न्हाणी गेली. पाइप गेले, उशा गेल्या, बाई गेली. शेवटी उरल्या नुसत्या भिंती, दारं, दोन जिने आणि एक लाल ठिपका: तुम्ही इथे आहात. आणि हो, कोपऱ्यात एक बारकासा बाण उरला होता, त्याच्या टोकावर 'उ' लिहिलेलं. उ म्हणजे उत्तर. त्याच्या बाजूनं बोलायला कुणीच नव्हतं. मल्लेश म्हणाला, "तेही काढ, पोरींला वाटंल तिकडं पळायचंय." फैजाननं काढला. ह्या बाणाला मंडळी विसरू नका. घरातला गरीब माणूस आणि नकाशातला बाण, गेल्यावरच त्यांची किंमत कळते.

नवा कागद लागला. आता मात्र लहान पोरालाही कळेल असा. रुखसार वही छातीशी धरून आली, बघितलं आणि हळूच म्हणाली, "काका, एक विचारू?"

"विचार की बाय."

"ह्यात मागचा जिना दाखवलाय ना, तिथं माझी कॉट हाय."

मल्लेशनं कागदाकडं बघितलं. मग पॅसेजच्या टोकाच्या सात नंबर खोलीकडं बघितलं. मग परत कागदाकडं. आणि खाली बसला.

त्याचं असं झालं होतं. शेजारी गुरुबसप्पा काका राहायचे. भुसार लाइनीत आडत करून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून सगळ्या गल्लीला सल्ला पुरवणारे. माल बंद झाला होता, तोंड चालू होतं. बांधकामाच्या वेळी त्यांनी कोपऱ्यातला मागचा जिना बघून छातीवर हात ठेवला होता. "मल्लेश, ईशान्येला जिना? देवाच्या डोक्यावर पाय देऊन पोरी उतरणार? मला काय, मी सांगायचं काम केलं." झालं. मल्लेशनं जिन्याच्या जागी खोली काढली, वर सात नंबर आणि त्याच्या वर चौदा नंबर, एकेका खोलीत तीन कॉट. फैजानला सांगायचं राहून गेलं. मॉडेलात जिना तसाच राहिला. ताडाची झाडं, कारंजं, लाल मोटार, एवढ्या थाटात जिना आहे का नाही हे बघतो कोण? कागद सपाट झाला तेव्हा उघडं पडलं.

त्या दिवशी मल्लेशला भाकर गेली नाही. जन्मभर आपण जिथं जाऊ तिथं पळायची वाट शोधली, आणि स्वतःच्या घरातली वाट स्वतःच बुजवून तिच्यावर कॉट टाकली. तीही दुसऱ्याच्या पोरीची.

दुसऱ्या दिवशी नोटीस पाठवणाऱ्या ऑफिसात गेला. खिडकीतल्या क्लार्कनं दोन्ही कागद, जिना असलेला मंजूर नकाशा आणि मल्लेशनं जिन्याच्या जागी खोली काढून नेलेला, शेजारी शेजारी ठेवले. "खरा नकाशा लावला तर मंजूर नकाशाशी जुळत न्हाई. मंजूर लावला तर बिल्डिंगशी जुळत न्हाई."

"मग कोणता लावू साहेब?"

"जुळणारा लावा."

मल्लेश तिथंच उभा राहिला. मागची रांग वाढली. लोक "चला की ओ" म्हणायला लागले. शेवटी क्लार्कलाच दया आली. किंवा रांगेचा कंटाळा आला असेल. "हे बघा, वाटा दोन पायजेत. आतनं जमत नसंल तर बाहेरनं लोखंडी जिना चढवा अन् सुधारित नकाशा द्या. आर्किटेक्टची शाईची सही अन् शिक्का. फोटोतली सही चालणार न्हाई. चार दिवस हायत तुमच्याकडं."

उदगीर रोडला जिलानीचं वेल्डिंगचं दुकान. नशिबानं त्याच्याकडं एक जिना तयार पडलेला. हदगावच्या एका जिनिंगनं करायला सांगितला होता आणि मग नको म्हणाले. दोन मजल्यांचा, मजबूत, कापसाच्या गठड्या डोक्यावर घेऊन माणसं चढावीत असा. जिलानी म्हणाला, "अप्पा, तीन दिन में खडा करतूं. फक्त कुठं लावायचा त्याचा कागद देव."

पॅसेजच्या पूर्वेच्या टोकाला खिडकी होती. तिचं दार करायचं आणि जिना खाली मल्लेशच्याच परसात, बोअरजवळ उतरवायचा. फैजाननं नवा नकाशा काढून मोबाइलवर पाठवला. मल्लेश तो बघत ओट्यावर बसलाय तोच गुरुबसप्पा काका चष्मा पुसत आले.

"बघू. हूं. ह्यात पूर्व कुठाय?"

"ही काय, उजव्या हाताला."

"बाजूला?" काकांनी परत छातीवर हात ठेवला. "आरं, सूर्य उगवतो ती दिशा बाजूला टाकलाव? सूर्य वर येतो का आडवा सरकतो? पूर्व वर पायजे. कागदाला सुद्धा वास्तू असती. नायगावच्या एकानं नकाशात पश्चिम वर घेतली, वर्षात बोअर आटला. मला काय, मी सांगायचं काम केलं."

बोअर म्हणताच मल्लेशनं मान वळवून परसाकडं बघितलं. लातूरच्या माणसाला भूकंपानंतर कशानं भिववायचं तर पाण्यानं. त्यानं फोन लावला.

"अप्पा, पूरी दुनिया में नॉर्थ वर रहता!" फैजान ओरडला.

"दुनिया लातुरात राहत न्हाई. फिरव."

फैजाननं नकाशा फिरवला, अक्षरं परत सरळ केली. पूर्व वर गेली. काकांचं समाधान झालं आणि ते पिशवी घेऊन तीन दिवसांसाठी माहूरला देवीला गेले. मल्लेशनं कागद छापून जिलानीला दिला. "ही वरची हिरवी खूण दिसायली ना? तिथं जिना."

"हौ अप्पा. बेफिकर रहो."

बेफिकीर! मल्लेशला हा शब्द कुणी म्हटला की त्याला जास्तच काळजी लागायची. पण सहीसाठी जाणं भाग होतं. नांदेडला पोचला तर फैजानच्या ऑफिसला कुलूप. बहिणीचं, बानोचं लग्न, फैजान नायगावला. मल्लेश नायगावला. तिथं फैजाननं सही केली, पण शिक्का नांदेडच्या कपाटात आणि कपाटाची चावी शेरवानी घ्यायला बाजारात गेलेल्या मामाच्या खिशात. "अप्पा, लगीन झाल्याशिवाय सोडणार नाही," म्हणून फैजानच्या अम्मीनं बसवून घेतलं. मांडवाचे खांब बांबूचे होते. मल्लेशनं मांडवाबाहेर उभं राहून बिर्याणी खाल्ली आणि दोन दिवस सगळ्यांनी समजूत करून घेतली की हा माणूस फार लाजाळू आहे.

आठव्या दिवशी सकाळी, शिक्का मारलेल्या नकाशांची गुंडाळी काखेत घेऊन तो लातूरला उतरला. साडेअकराला तपासणी. घरी आला तो थेट परसात. बोअर होता. दोरीवर लुगडी होती. चार खाटांवर सुकन्यानं घातलेल्या कुरडया होत्या.

जिना नव्हता.

"जिना कुठाय?" मल्लेशचा आवाजच फाटला.

सुकन्यानं कुरडई उलटी करत हनुवटीनं दाखवलं. "तिकडं."

तिकडं म्हणजे उत्तरेला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या उत्तरेच्या खिडक्यांची दारं झाली होती, आणि तिथनं चंदेरी रंग दिलेला, गठड्या पेलणारा, भक्कम जिना झोकात निघून, कंपाउंडची भिंत ओलांडून, सरळ गुरुबसप्पा काकांच्या अंगणात उतरला होता.

जिलानी शेवटचा बोल्ट आवळत होता. "कैसा हुवा अप्पा?"

"आरं, हिकडं कामून लावलास?"

"नक्शे में वर दिखाया ना तुमी? वर मतलब उत्तर. मेरे उस्ताद ने पयलेच दिन सिखाया. नकाशा कुणाचा बी असू दे, वर उत्तर."

"बाण तरी बघायचास!"

जिलानीनं खिशातला कागद काढून उलटसुलट केला. "बाण कहां है?"

बाण कुठं गेला हे मल्लेशला चांगलं ठाऊक होतं.

"तू तरी सांगायचं!" तो सुकन्यावर घसरला.

"मी सांगितलं त्यास्नी. ते म्हणले कागदात आसंच हाय. अन् बरंच झालं की, परसात लावला आसता तर माझ्या कुरडया कुठं घालायच्या?"

"आन् जगदेवीकाकू? त्येंच्या अंगणात लोखंड रोवलं, त्या काय म्हणल्या?"

काकांची बायको जगदेवीकाकू भिंतीपलीकडून उत्तरल्या, "मला काय ठाव बाबा? मला वाटलं आमच्या ह्यांनीच सांगितलं आसंल. हेच सगळ्यांच्या घरात सांगत असतेत. मी तर कामगारांला दोन वेळा चहा दिला."

मल्लेश हिशोब करायला लागला. काकांच्या घरावरनं बघितलं तर जिना येतो दक्षिणेकडनं. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. ह्या माणसानं त्या बाजूला जन्मात चप्पल सुद्धा काढून ठेवली नव्हती, आणि तिथनं आता बेचाळीस पोरी उतरणार. काका एक पत्र लिहिणार, साहेब सील लावणार, आणि रुखसारच्या अब्बांना फोन करायचा आपण.

तेवढ्यात दारात जीप थांबली.

साहेबांचं नाव पंढरी सगर. औश्याकडचे, कमी बोलणारे. असे साहेब मल्लेशला जास्त भीतीदायक वाटायचे, कारण बोलणाऱ्याचं काय चाललंय हे निदान कळतं. ते पहिल्या मजल्यावर आले, पायातले बूट काढून पॅसेजमध्ये उभे राहिले, फॉर्म काढला. नकाशा बघितला. उत्तरेचं नवं दार बघितलं. परत नकाशा बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"नकाशा अन् दार..."

"साहेब, आधी पोरी पळवून बघू का?" मल्लेश घाईनं म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो पळायचं आपणहून काढत होता.

"हां. अलार्म वाजवा."

अलार्मची घंटा मल्लेशनं आठ दिवसांपूर्वीच बसवली होती. त्यानं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. वर पंखा हळूहळू थांबत होता. लाइट गेली होती.

"बॅटरी?" साहेबांनी विचारलं.

मल्लेशनं नाही म्हणून मान हलवली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. ते पेन कागदाला टेकणार, आणि मल्लेशच्या डोळ्यापुढं रस्त्यावर ओळीनं बेचाळीस ट्रंका दिसायला लागल्या.

आणि खाली, गुरम्माच्या खोलीत, पेले पडले.

ठाण्! ठण्ण! ठण ठण ठण्ण! पितळेच्या परातीवरनं शहाबादी फरशीवर, आणि फरशीवरनं जिन्यातनं थेट वर.

पहिलं कोण पळालं असेल? साहेब. बूट तिथंच, फॉर्म हातात, उत्तरेच्या दारातनं जिन्यावर. त्यांच्या मागं धाडधाड दारं उघडली आणि पोरी सुटल्या. कुणाच्या हातात पुस्तक, कुणाच्या केसाला तेल, एकीच्या तोंडात ब्रश. नकाशाकडं कुणीही बघितलं नाही. मल्लेशचे पाय सवयीनं वळले होते, पण दारात आला आणि थांबला. मोजायला लागला. सतरा. अठरा. वरच्या मजल्यावरच्या आल्या. तीस. एक्केचाळीस.

एक्केचाळीस.

"रुखसार!"

सव्वीस वर्षांत मल्लेश खानापुरे पेले पडल्यावर कधी आतल्या बाजूला पळाला नव्हता. तो सात नंबरात घुसला. रुखसार कॉटवर पेपर सोडवत बसलेली, दोन्ही कानात कापसाचे बोळे. त्यानं बोळा ओढून काढला.

"काय झालं काका? आग लागली?"

"न्हाई. पेले!"

"मग उभे काय राहिलाव? पळा की!" म्हणत तिनंच त्याचा हात धरला आणि त्याला जिन्यावरनं खाली नेलं.

इकडं गुरुबसप्पा काका नुकतेच रिक्षातनं उतरले होते. अंगणात पाऊल टाकलं, माहूरच्या प्रसादाची पिशवी खाली ठेवली, "आई रेणुके" म्हणून हात जोडले, डोळे उघडले, आणि आभाळातनं एक अनवाणी साहेब उतरला. त्याच्या मागनं पोरी. एकीमागनं एक. थांबेनात. देवी पावते हे काकांना माहीत होतं, पण इतक्या तडकाफडकी पावेल असं वाटलं नव्हतं. ते हात जोडून तसेच उभे.

"आजोबा, सरका जरा," तोंडातला ब्रश काढून एक पोरगी म्हणाली, "मागून आन्खी येयलेत."

सगळ्यात शेवटी मल्लेश आणि रुखसार. साहेबांनी धापा टाकत घड्याळ बघितलं. "एक मिनिट पन्नास." मग आजूबाजूला बघितलं. मोकळं अंगण, कडुनिंबाची सावली, रस्त्याला लागून फाटक. "बाहेर पडल्यावर थांबायला अशी जागा पायजे. लोक गल्लीत जिना काढतेत अन् माणसं चेंगरतेत. ही जागा निवडली कुणी?"

काकांच्या चेहऱ्यावरचा भक्तिभाव ओसरत होता. त्यांनी जिन्याकडं बघितलं. जिना कुठल्या दिशेनं आलाय ते बघितलं. त्यांचा हात छातीकडं निघाला.

"गुरुबसप्पा काकांनी, साहेब," मल्लेश एका दमात म्हणाला. "दिशा त्यांनीच सांगितली. पूर्व वर घ्या म्हणले, म्हणून जिना हितं आला. न्हाईतर गेला आसता बोअरवर."

शब्द न् शब्द खरा होता. देवाशपथ.

छातीकडं निघालेला काकांचा हात वाटेतच थांबला.

"वा!" साहेब म्हणाले. "अनुभवी माणूस दिसतेत. फकस्त ह्यांची ना-हरकत लागंल. अंगण ह्यांचं हाय."

बेचाळीस पोरींनी काकांकडं बघितलं. काकांनी जिन्याकडं बघितलं, यमाकडं बघितलं, पोरींकडं बघितलं. जगदेवीकाकूंनी पुढं होऊन त्यांच्या हातात पेन दिलं. "करा सही. जन्मभर लोकांच्या घरात सांगितलंव, आज कुणी तरी ऐकलंय."

काकांनी सही केली. वर म्हणाले, "दक्षिणेला लोखंड चालतंय. जड पायजे फक्त. मला काय, मी सांगायचं काम केलं."

साहेबांनी फॉर्म गुडघ्यावर धरून पुढं भरायला घेतला. एका रकान्याशी थांबले. इशारा यंत्रणा. लाइट अजून आली नव्हती.

"ते काय पडलं हुतं खाली?" साहेबांनी हळूच विचारलं.

"पेले, साहेब. आमच्या आईचे. भूकंपापासनं..."

"म्हाईत हाय." साहेबांनी पेन रकान्यावर टेकवलं. "आमच्या आईकडं वाट्या हुत्या. सात." मग त्यांनी लिहिलं. मल्लेशनं टाचा उंचावून वाचलं: स्टील, पाच नग, परातीसह. चालू स्थितीत. "बॅटरीची घंटा चार दिवसांत बसवा. पण हे काढू नका. अन् नकाशा सुधारा, बाण घाला त्यात."

पुढच्या आठवड्यात फैजाननं नवा नकाशा पाठवला. उत्तरेचा बाण एवढा मोठा होता की पहिल्यांदा पोरींना वाटलं क्षेपणास्त्र आहे. पूर्व मात्र वरच होती, काकांनी सोडली नाही. आणि खालच्या कोपऱ्यात, गुरम्माच्या खोलीत, एकावर एक पाच बारके पेले काढलेले.

गुरम्मानं चष्मा लावून ते मोजले. पाच भरले. समाधानानं मान हलवली.

"आये, पण त्या दिवशी पेले पाडले कुणी?" मल्लेशनं विचारलं.

"मांजरानं," गुरम्मा म्हणाली.

मांजर त्या दिवशी साडेअकरापासनं साहेबांच्या जीपखाली सावलीला झोपलं होतं. साहेबांनी निघताना स्वतः उचलून बाजूला ठेवलं होतं. फॉर्ममध्ये मात्र त्याबद्दल काही लिहिलं नाही.